टीएलडी गोळी दीडेक वर्ष वापरल्यानंतर: गोळीला जवळजवळ फुल मार्क, बाटलीला काठावर पास

टीएलडी म्हणजे एचआयव्हीवरची गोळी. तीत काय असतं ते वाचणाऱ्याला माहीत असणारच, तरी एका ओळीत सांगतो, टेनोफोविर 300, लॅमिवुडिन 300, डोल्यूटेग्राविर 50 मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा, एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रावर, फुकट. मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतो, मी आन आमची मंडळी दोघंबी ह्याच गोळीवर. कसं झालं, कुणामुळं झालं हे विचारू नका, त्यात कुणाचाच फायदा नाही.

लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे मागच्या खेपेला सेंटरच्या औषधाच्या खिडकीवर झालेलं भांडण. एरवी रिपोर्ट चांगला असला की तीन महिन्याच्या तीन बाटल्या मिळतात, ह्यावेळी हातावर एकच टेकवली. म्हनलं बाकीच्या? तर म्हणे वरून माल कमी आलाय, पुढच्या महिन्यात या. आता माझा सीझन चालू, दुकानात जळालेल्या मोटरींचा ढीग, शेतकरी डोक्यावर उभा, आन मी फक्त एक बाटली आणायला अख्खा दिवस घालवू? बायकोचं एसटीचं तिकीट 2023 पासून अर्धं झालंय, माझं कुठं झालंय. बरं मालाचं एक वेळ समजू शकतो, पण त्या बाईनं सगळी रांग ऐकत असताना माझं नाव आन गोळीचं नाव एका दमात घेतलं. म्हनलं मॅडम, 2017 चा कायदा आहे (एचआयव्ही-एड्सचा), 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, माणसाच्या संमतीशिवाय त्याची माहिती कुणासमोर उघडी करता येत नाही, भिंतीवर पोस्टर लावलंय तेवढं तरी वाचा. तेव्हा आवाज खाली आला. बाटली मात्र एकच मिळाली.

असो. गोळीचं सांगतो आधी, कारण गोळीबद्दल माझी तक्रार जवळपास नाहीच.

सुरुवातीचे काही आठवडे डोकं जड राहायचं आन झोप उडायची, रात्री बारा-एकपर्यंत पत्रे मोजत पडायचो. कारण मी रात्री जेवल्यावर घ्यायचो. काउन्सेलर ताईला सांगितलं तर त्या म्हणाल्या सकाळी घ्या की मग, वेळ रोज एकच ठेवा म्हणजे झालं, उपाशीपोटी घ्या नाहीतर भाकरी खाऊन घ्या, हिला फरक पडत नाही. सकाळवर आणली आन झोप जाग्यावर आली. रांगेत जुनी माणसं भेटतेत ती सांगतेत की आधीची गोळी, म्हणजे डोल्यूटेग्राविरच्या जागी एफाविरेन्झ 600 वाली, ती घेतली की चक्कर यायची, रात्रभर नको नको ती स्वप्नं पडायची. एक मामा म्हणाले, "बाबा, मी रोज रात्री विहिरीत पडायचो अन् सकाळी खाटेवर निघायचो." त्या हिशोबानं आपण सुखी आहोत.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड केला, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी. कागदावर आलं की विषाणू मोजण्याइतकासुद्धा सापडला नाही. ह्याचा अर्थ बरा झालो असा नाही, तो अंगात लपून आहेच, गोळी बंद केली की परत डोकं काढणार, पण लोड असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून पुढच्याला लागण होत नाही, हे आता जगभरात मान्य आहे. त्या दिवशी आम्ही दोघांनी स्टँडवर उसाचा रस घेतला, तोबी मोठा गिलास. मी पैशाला किती चिकट आहे हे ज्याला माहीत आहे त्याला मोठ्या गिलासाचा अर्थ कळेल.

आता बाटली.

पांढरी प्लास्टिकची बाटली, तीस गोळ्या, आत सिलिकाची पुडी, दाबून फिरवायचं झाकण. ह्या बाटलीचा आवाज कुणीतरी एकदा बसून ऐकावा. नवी असते तेव्हा गोळ्या दाटीत असतेत, फार वाजत नाही. दहा-बारा संपल्या की सुरू. अर्धी झाली की पिशवीत घेऊन चालताना खुळखुळ खुळखुळ, बाजूच्या सीटवरचा माणूस वळून बघतो. शेवटच्या दोन-तीन राहिल्या की आवाज अजूनच वेगळा, टकटक. बीपीची, शुगरची गोळी पाकिटात येते, शर्टाच्या खिशात मावते, कुणी बघत नाही, आन जिच्याबद्दल माणूस सगळ्यात जास्त लपवाछपवी करतो तीच गोळी खुळखुळ्यात घालून दिलीय. 2001 मध्ये आपल्या सिप्लानं तीन औषधांचा रोजचा खर्च एका डॉलरच्या खाली आणून दाखवला, ही टीएलडी तर 2017 मध्ये गरीब देशांसाठी वर्षाला साधारण 75 डॉलरवर आली, कितीतरी कंपन्या आपल्या शेजारी हैदराबादेतच बसल्यात. एवढं सगळं जमतं, न वाजणारी बाटली जमत नाही?

परिणाम बघायचा असला तर सेंटरच्या बाहेर जो कचऱ्याचा डबा असतो त्यात डोकावून बघा. मी बघितलंय. निस्त्या रिकाम्या बाटल्या, काहींची लेबलं नखानं खरडून काढलेली, झाकणं वेगळी, सिलिकाच्या पुड्या वेगळ्या. लोक बाहेर आले की तिथंच गोळ्या कॅरीबॅगेत नाहीतर रुमालात ओततेत आन गाठ मारून घरी. लाज वाटते म्हणून करतेत, मला समजतं, पण ही गोळी ओल धरते, म्हणून तर पुडी घालून दिलेली असते. पावसाळ्यात रुमालातली गोळी आन बाटलीतली गोळी एकसारखी राहणार नाही. मूळ बाटलीतच ठेवायची, झाकण घट्ट, पुडी आतच राहू द्यायची. लेबल खरडायचं तर खरडा, पण एक्सपायरीची तारीख ठेवून खरडा.

झाकणाला मी सुरुवातीला लई शिव्या घातल्या. हाताला वॉर्निश, ग्रीस लागलेलं असतं, दाबून फिरवता फिरवता झाकण निसटायचं. मग दिवाळीला भावाची पोरगी आली, तीन वर्षाची, तिनं बाटली शोधून काढली आन ओसरीवर पाव्हणे बसलेले असताना वाजवत वाजवत बाहेर आली. माझ्या पोटात गोळा. एक जण म्हणाला काय हो हे, मी म्हनलं कॅल्शियम आहे, विषय संपला. पण त्या कार्टीनं झाकण दातानं चावून, आपटून, सगळं करून बघितलं होतं आन उघडलं नव्हतं. त्या दिवसापासून झाकणाबद्दलची तक्रार मागे. आवाजाबद्दलची कायम. (सध्याचा जुगाड: बाटली जुन्या टॉवेलात आवळून डब्यात. आवाज दबतो, बंद होत नाही.)

दुसरी पंचाईत उन्हाची. बाटलीवर लिहिलंय 30 डिग्रीच्या खाली ठेवा. हे लिहिणारा मे महिन्यात आमच्याकडं आलेला नसावा. 42 डिग्रीत माझं पत्र्याचं दुकान म्हणजे भट्टी, गाडीच्या डिक्कीचं तर नावच नको. मंडळी म्हणाली माठाजवळ ठेवू, गार राहील. म्हनलं गार राहील पण ओल? शेवटी मागच्या जुन्या माळवदाच्या घरात देवळीत ठेवली, हातभर जाडीची मातीची भिंत, बाहेर आग असली तरी आत बरं असतं. फार्मासिस्टला विचारलं तर ते म्हणाले हे चांगलं, घरातली सगळ्यात थंड, कोरडी, उन्हाची तिरीप न येणारी जागा बघायची. दुकानात ठेवायची नाही म्हणून सकाळी घरूनच घेऊन निघतो, त्यामुळं विसरणंबी बंद झालं.

विसरण्यावरून आठवलं. सेंटरवर उरलेल्या गोळ्या मोजतेत. पंचाण्णव टक्के गोळ्या घेतलेल्या लागतेत. तीसातली एक चुकली तर शहाण्णवच्या वर राहता, दोन चुकल्या की त्र्याण्णववर खाली. म्हणजे महिन्यात दोनदाबी सूट नाही. चुकली तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर घ्यायची, दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून डबल घ्यायची नाही.

आता जे सगळ्यात कामाचं आहे आन मला कुणी नीट न सांगता तुकड्या तुकड्यात कळलं ते. ही गोळी बाहेरच्या औषधांबरोबर भांडते, आन बाहेर कुणाला सांगायची सोय नसल्यामुळं ते भांडण आपल्यालाच सोडवावं लागतं.

आमच्याकडं ठेचा-भाकरी, त्यामुळं अ‍ॅसिडिटी घरोघर. मेडिकलवाला ते पातळ गुलाबी औषध काही न विचारता देतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, ते पोटात डोल्यूटेग्राविरला धरून बसतं आन गोळी अंगात पुरती उतरतच नाही. म्हणून गोळी ते औषध घ्यायच्या दोन तास आधी, नाहीतर घेतल्यावर सहा तासांनी. मंडळीला रक्त कमी म्हणून आशाताई लोहाच्या गोळ्या देऊन गेल्या, कॅल्शियमचंबी तसंच, तिथं नियम जरा सैल आहे, दोन्ही जेवणासोबत एकत्र घेतलं तर चालतं, उपाशीपोटी घेणार असाल तर तोच दोन-सहा तासांचा हिशोब. शुगरवाले असाल आन मेटफॉर्मिन चालू असेल तर सेंटरच्या डॉक्टरला सांगाच, डोल्यूटेग्राविरमुळं मेटफॉर्मिनचं प्रमाण रक्तात वाढतं, दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. फिट्सच्या काही गोळ्यांचंबी आहे. रांगेत एका आजोबांकडं दोन बाटल्या होत्या, मला वाटलं ह्यांना जास्त कसं, तर त्यांना टीबी निघालेला, टीबीचं रिफाम्पिसिन डोल्यूटेग्राविरला लवकर उडवून लावतं म्हणून त्यांना बारा तासांनी डोल्यूटेग्राविर 50 ची अजून एक वेगळी गोळी.

आन कंबर धरली की आमच्याकडं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ठोकायची पद्धत. टेनोफोविर किडनीवरून जाणारं औषध, त्यात हे दुखण्याचं औषध वरचेवर घेतलं की किडनीवर डबल लोड. मी आता पॅरासिटामॉलवर भागवतो, दिवसभर वाकून कॉइल भरायच्या असतेत म्हणून सुखाचं नाही ते, पण भागवतो.

किडनीवरून मोठा राडा झाला होता तो सांगतो. बाहेरच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायची रक्ततपासणी) केलं, आधीपेक्षा थोडं वर आलं, लॅबवाल्यानं ठळक छापलं, गावातल्या डॉक्टरांनी (त्यांना सांगितलेलं आहे, माणूस चांगला) सांगितलं ही गोळी दोन महिने बंद करून बघू. मला ते पटलं नाही. मोटर पाणी ओढत असताना कॉइल सोडून कुणी तपासत नाही. सेंटरच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी लघवी तपासली, जुने आकडे लावून बघितले, आन मग समजावलं की डोल्यूटेग्राविर किडनीतून क्रिएटिनिन बाहेर टाकायची एक वाट अडवतं, म्हणून पहिल्या काही आठवड्यात आकडा जरा चढतो आन तिथंच थांबतो, त्यात किडनी खराब झालेली नसते. पण टेनोफोविरमुळं खरंच खराब होऊ शकते, म्हणून आकडा चढतच चाललाय का आन लघवीत प्रथिनं जातेत का हे बघावं लागतं. माझं थांबलेलं निघालं. आन मनानं बंद करण्याचा दुसरा धोका असा की ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याचा तो आजारबी ह्याच गोळीतली दोन औषधं दाबून ठेवतेत, अचानक थांबवलं तर लिव्हर उसळतं. अंगावर पुरळ येऊन ताप आला, डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी सेंटर गाठायचं, ते वेगळं.

वाढलेल्या वजनाबद्दल माझं मत बदललंय. आधी चिडलो होतो, पँटी सगळ्या सैल करून घ्याव्या लागल्या, टेलरनं एका पँटीला जेवढे घेतले तेवढ्यात आधी शर्ट शिवून मिळायचा. मग लक्षात आलं की आमच्या गावात कुणी वाळला की लोक लगेच भलता संशय घेतेत. पोट सुटलेल्या माणसावर कुणी घेत नाही. "सावकार झालात की" म्हणतेत, मी हो म्हणतो. तरी संध्याकाळी चालायला सुरुवात केलीय, साखर वाढायला नको.

मार्क द्यायचे तर गोळीला पाचपैकी साडेचार, अर्धा अ‍ॅसिडिटीच्या भानगडीसाठी कापला. काउन्सेलर ताईंना पाच. झाकणाला चार. खिडकीला दोन. बाटलीच्या आवाजाला शून्य देणार होतो, एक दिला.

अपडेट: वरचं लिहून ठेवलं होतं, परवा परत जाऊन आलो. ह्यावेळी तीन बाटल्या मिळाल्या, नावबी हळू घेतलं. माझ्या पुढं एक ऊसतोडीचं जोडपं होतं, कारखान्यावर निघालेलं, त्यांना ताईंनी तिकडं जवळचं सेंटर कुठलं, ते शोधून हिरव्या पुस्तकात (सेंटरचं उपचाराच्या नोंदीचं पुस्तक) लिहून दिलं. दिवाळीनंतर जे जाणार असतील त्यांनी गाडीत बसायच्या आधी हे करून घ्या, तिकडं गेल्यावर मुकादम एक दिवस सोडत नाही. हिरवं पुस्तक सोबत न्या, गोळ्या शिल्लक असतील तर त्याबी न्या, काही अडलं तर 1097 लावा, फुकट आहे. आन निघण्याआधी सेंटरला फोन करून माल आलाय का विचारा, सोमवारी तर जाऊच नका, रांग पार जिन्याखाली येती.