व्हिएन्ना की प्राग: नऊ दिवस कुठे घालवायचे?

रजा नऊ दिवसांची, दोन्ही देशांत चालणारा शेंगेन व्हिसा एक आणि मनात शहरं दोन. मध्य युरोपात पहिल्यांदा एकट्याने निघणाऱ्या अनेकांचं घोडं इथेच अडतं. ट्रेनने ही शहरं एकमेकांपासून साधारण चार तासांवर आहेत. त्यामुळे बरेच जण दोन्हीकडे धावतात आणि राजवाडे, पूल, चर्च बघून परत येतात. मी गेल्या वर्षी दोन्हीकडे आठवडा-आठवडा राहिलो. ज्यांना तिथलं रोजचं जगणं बघायचंय, म्हणजे सकाळी कामावर निघालेली माणसं, दुपारचं जेवण, संध्याकाळी बागेत जमणारी मंडळी, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा कौल व्हिएन्नाला आहे. पण प्राग गाळा असं मी कुणालाच सांगणार नाही.

प्रागची अडचण त्याच्या देखणेपणातच आहे. चार्ल्स पूल आणि जुन्या चौकातलं 1410 सालचं खगोलीय घड्याळ यांच्या आसपास दुपारी पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत प्रागची माणसं शोधूनही सापडत नाहीत. पूल बघायचा तर उजाडायच्या आत. दोन्ही कठड्यांवरचे तीस पुतळे, खाली व्ल्तावा नदी आणि तुम्ही, एवढंच असतं. शहर मात्र ट्रॅम पकडून विनोह्रादी किंवा झिझ्कोव भागात गेल्यावर भेटतं. मी विनोह्रादीत उतरलो होतो. तिथल्या नामेस्ती मीरू या मेट्रो स्टेशनचा सरकता जिना 87 मीटर लांब आहे. वर यायला दोन मिनिटांहून जास्त लागतात, आणि तेवढ्या वेळात लोक चक्क पुस्तकाची दोन पानं वाचून काढतात.

मेट्रोत दरवाजे मिटण्याआधी एक सूचना होते, तिचा शेवट ‘द्वेर्झे से झाविरायी’ असा. दोन दिवस ऐकल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला: द्वेर्झे म्हणजे द्वार! मग हॉस्टेलवरच्या मुलीकडून आकडे म्हणून घेतले. दोनला द्वा, तीनला त्रझी, चारला च्तिर्झी. संस्कृतातले त्रि आणि चत्वारि आठवून अंगावर काटा आला. हजारो वर्षांपूर्वीचं नातं असं मेट्रोच्या दारात भेटेल असं वाटलं नव्हतं. मराठी कानाला हा आनंद व्हिएन्नाची जर्मन देत नाही.

खाण्यापिण्यात प्राग स्वस्त, आणि माझ्या मते मोकळंही. दुपारी साध्या खानावळींबाहेर ‘पोलेद्नी मेन्यू’ची पाटी लागते, ऑफिसातली माणसं येऊन सूप आणि एक मुख्य पदार्थ खातात आणि उठतात. आपल्या राइस प्लेटसारखाच हिशेब. बिअरच्या गुत्त्यात तुम्ही बसलात की टेबलावर कागदाची अरुंद पट्टी येते. प्रत्येक ग्लासामागे वेटर तिच्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो आणि उठताना रेघा मोजून पैसे घेतो. ती पट्टी हरवू नका, खिशातही घालू नका. बिअर पीत नसाल तर कोफोला मागवा. 1960 पासूनचं हे इथलं कोलासारखं पेय नळावरून ग्लासात भरून मिळतं, आणि त्याच्याही रेघाच ओढतात.

आता व्हिएन्ना. इथे पहिल्या दिवशी डोळे दिपत नाहीत. जुन्या शहराभोवतीच्या रिंगरस्त्यावरच्या भव्य इमारती जरा थंडच वाटतात. गंमत तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते. नळ सोडून ग्लास भरला की हाताला गार लागतो, कारण ते पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं आहे. 1873 साली पहिली आणि 1910 साली दुसरी जलवाहिनी आली, आणि पाणी उतारानेच शहरापर्यंत येतं. बाटलीबंद पाण्यावर मी आठवडाभरात एक सेंटही घातला नाही.

कॉफीहाउसात हेच पाणी न मागता मिळतं. मेलांज, म्हणजे इथली दुधाची कॉफी, मागवली की धातूचा छोटा ट्रे येतो. त्यावर कप, शेजारी पाण्याचा ग्लास आणि ग्लासावर आडवा ठेवलेला चमचा. एका कॉफीवर दोन तास बसा, कुणी बिल पुढे करत नाही. पाण्याचा ग्लास संपला तर दुसरा येतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक आजी लाकडी दांडीला अडकवलेलं वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गेलो, तर त्या तिथेच. कॉफी महाग वाटेल, पण तुम्ही पैसे त्या दोन तासांचे देताय असं समजा.

यू-4 मेट्रोने शेवटच्या हायलिगनश्टाट स्टेशनला उतरलात की समोर कार्ल-मार्क्स-होफ दिसतो. 1930 साली उभी राहिलेली, किलोमीटरहून लांब अशी ही पालिकेची वसाहत आहे. मोठमोठ्या कमानींतून आत गेलं की अंगणं, झाडं, बाकांवर म्हातारी माणसं, सायकल शिकणारी पोरं. शहरातले निम्मे-अधिक लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात हे वाचलेलं होतं, त्याचा अर्थ या अंगणात कळला. भाड्याच्या खोलीसाठी शहरभर वणवण केलेल्या माझ्यासारख्याला तिथून हलवेना. तिकीट नाही, रांग नाही, पण संपूर्ण प्रवासातली माझी सगळ्यात आवडती जागा हीच. लोक राहतात तिथे, म्हणून खिडक्यांवर कॅमेरा मात्र रोखू नका.

ऑपेराही इथे फक्त श्रीमंतांचा नाही. श्टाट्सऑपर या ऑपेरागृहात थोडक्या युरोंत उभ्याने बघायची तिकिटं मिळतात. कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधला की ती जागा तुमची. बाहेर फिरून या, कुणी तो सोडत नाही.

किरकोळ गोष्टी, पण ठरवताना उपयोगी पडतात. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेडसाठी मोठ्या रेल्वे स्टेशनांतलं सुपरमार्केट गाठावं लागतं; प्रागमध्ये तो प्रश्न नाही. व्हिएन्नात युरो, प्रागमध्ये कोरुना. पर्यटकांच्या भागातल्या पैसे बदलून देणाऱ्या खिडक्या टाळा, कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. शुक्रवारी आणि शनिवारी व्हिएन्नाची मेट्रो रात्रभर धावते, तर प्रागमध्ये रोज रात्री 90 च्या पुढच्या आकड्यांच्या ट्रॅम असतात. शाकाहारी असाल तर प्रागच्या खानावळींत तळलेल्या चीजवर दिवस काढावे लागतात. व्हिएन्नात नाश्मार्क्टच्या बाजारात फलाफल, ऑलिव्ह, ताजी फळं असतात. राहण्याचा खर्च व्हिएन्नात जास्त, आणि बजेट खरंच ताणलेलं असेल तर एवढ्या एका कारणासाठी प्राग निवडलं तरी चालेल.

नऊही दिवस एकाच ठिकाणी काढायचे असतील तर व्हिएन्ना घ्या. वाटणी करायचीच असेल तर प्रागला तीन आणि व्हिएन्नाला सहा, आणि सुरुवात प्रागपासून. मग व्हिसाचा अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा, कारण जास्त दिवस जिथे राहणार त्या देशाकडे तो करावा लागतो. प्रागमधली शेवटची संध्याकाळ रीगरोवी सादी या बागेसाठी ठेवा. उतारावरच्या गवतात पोरं-पोरी, कुत्री, बाबागाड्या, सगळे पश्चिमेकडे तोंड करून बसलेले असतात, आणि समोर किल्ल्यामागे सूर्य बुडत असतो.