पीएस ५: आत्ता घ्यावा की किंमत उतरायची वाट बघावी?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पीएस ५ ची, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राची, चौकशी करून घरी आलं की मोठ्यांचा एकच सल्ला: "थांब की, वर्षभरात स्वस्त होईल." त्यांचा अनुभव खोटा नाही, फक्त तो जुन्या काळातला आहे.

पीएस २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरला. दर उतारासरशी कमी बजेटची घरं गिऱ्हाईक झाली आणि विक्री १६ कोटींच्या पुढे गेली. पीएस ३ चा वरचा मॉडेल २००६ मध्ये ५९९ डॉलरला होता, लोक थबकले. २००९ मध्ये स्लिम, म्हणजे सडपातळ नवा मॉडेल, २९९ ला आला, तेव्हा कुठे विक्रीनं वेग घेतला. म्हणजे तेव्हा थांबणारा खरंच फायद्यात राहायचा.

पीएस ५ चं उलटं झालं. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कवाला (गेमची डिस्क घालता येणारा) ४९,९९० रुपयांना आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला आणि २०२४ चा स्लिमही त्याच किमतीला आला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये तो ५० डॉलरनं वाढला. पूर्वी चिप लहान होत गेली की बनवायचा खर्च झपाट्यानं घटायचा आणि कंपनी ती बचत किमतीत सोडायची. आता नव्या चिपाच महाग पडतात. वर महागाई, आपल्याकडे रुपयाची घसरण. त्यामुळे वर्षानुवर्षं थांबण्यात मला काही अर्थ दिसत नाही. थांबायचंच तर दिवाळीच्या ऑफरपर्यंत थांबा; छापील किंमत तीच राहिली तरी सूट तेव्हा मिळू शकते.

खरा विचार डिस्क की डिजिटल याचा करा. डिजिटलमध्ये डिस्क घालायची सोय नसते, गेम नेटवरून विकत घेऊन उतरवायचे. २०२४ मध्ये डिजिटल स्लिम ४४,९९० ला आला, म्हणजे तेव्हा थेट दहा हजार वाचत होते. पण मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो, आणि डिजिटल गेम खेळून झाला तरी विकता येत नाही. डिस्क मित्राला देता येते, विकताही येते. अडीच हजारांप्रमाणे चार डिस्क विकल्या गेल्या तरी तो दहा हजारांचा फरक भरून निघतो. कॉलेजच्या पोरांनी, चौघांत मिळून गेम घेणाऱ्यांनी डिस्कवालाच घ्यावा. वर्षाला एकदोनच गेम खेळणार असाल तर डिजिटल पुरे.

मायक्रोसॉफ्टचा गेम कन्सोल एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्तात, ३४,९९० ला आला होता, पण त्यालाही डिस्क चालत नाही.