वन चॅम्पियनशिप: कुस्तीच्या शौकिनांनी बघावीच

एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी मिश्र झुंज, म्हटलं की पहिलं नाव निघतं ते यूएफसी या अमेरिकी स्पर्धेचं. पण कुस्तीची आवड असलेला कोणीही विचारायला आला की मी त्याला 2011 मध्ये सिंगापुरात सुरू झालेली एमएमएची स्पर्धा वन चॅम्पियनशिप सुचवतो.

मला सगळ्यात पटतो तो तिथला वजनाचा नियम. डिसेंबर 2015 मध्ये यांग जियानबिंग हा 21 वर्षांचा चिनी फायटर वजन उतरवताना जिवाला मुकला. त्यानंतर वनने पाणी तोडून वजन कमी करण्यावर बंदी घातली. आता लढतीच्या आठवड्यात काट्याबरोबर लघवीचीही तपासणी होते. अंगात पाणी कमी निघालं, तर वजन बरोबर असूनही उपयोग नाही. वजनगटही वर सरकवलेत: फ्लायवेट या हलक्या गटाची मर्यादा यूएफसीत 56.7 किलो, इथे 61.2. जीव गेल्यावर का होईना, नियम बदलला, याचं मोल मी फार मानतो.

लढतीचे नियमही निराळे. गुण फेरीगणिक नाहीत, निकाल अख्खी लढत बघून देतात. खाली पडलेल्याच्या डोक्यावर गुडघा मारायलाही परवानगी आहे. एप्रिल 2021 मध्ये आद्रियानो मोराइस या फायटरने प्रतिस्पर्धी डिमेट्रियस जॉन्सनला अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) खाली पाडलं आणि तो सावरायच्या आत गुडघा घातला. यूएफसीत त्या काळी हा सरळ फाउल होता, इथे लढत तिथेच संपली.

खटकतं ते एमएमएचं घटलेलं प्रमाण. जानेवारी 2023 पासून बँकॉकच्या लुंपिनी स्टेडियममध्ये दर शुक्रवारचे कार्यक्रम सुरू झाले आणि मुआय थाईने, म्हणजे उभ्याने ठोसे-लाथांनी लढायच्या थाई बॉक्सिंगने, पुढची जागा घेतली. धंद्याचं गणित कळतं. थायलंडमध्ये फायटर तयार आहेत, प्रेक्षक तयार आहे, आणि 4 औंसाच्या पातळ ग्लव्हजमुळे नॉकआउट भरपूर होतात. पण जमिनीवरचे डाव बघायला बसलेल्याच्या वाट्याला मोजक्याच लढती येतात. ऑगस्ट 2022 मध्ये मोराइस-जॉन्सनची दुसरी लढत अमेरिकेतल्या संध्याकाळसाठी सिंगापुरात सकाळी ठेवली, तेही मला रुचलं नाही. आशियातल्या स्पर्धेने आशियातल्या प्रेक्षकाची वेळ आधी बघावी.

तरी 5 पैकी 4 गुण. नव्याने बघणाऱ्याने डिसेंबर 2021 च्या रितू फोगट विरुद्ध स्टॅम्प फेअरटेक्स या लढतीपासून सुरुवात करावी. रितू कुस्तीतली, स्टॅम्प मुआय थाईतली, त्यामुळे जमिनीवर रितूचं पारडं जड असणार असंच कोणालाही वाटेल. दुसऱ्या फेरीत स्टॅम्पने जमिनीवरच आर्मबार (हात कोपरातून उलटा ताणायचा डाव) लावून लढत जिंकली.