बीजेची कोर आडवी दाखवणारी दिनदर्शिका

गेल्या दिवाळीत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून चंद्रकलांची एक भिंतीवरची दिनदर्शिका आणली आणि जानेवारीपासून ती आमच्या नागपूरच्या घरी देवघराशेजारी टांगलेली आहे. प्रत्येक तारखेच्या चौकटीत त्या रात्रीचा चंद्र, खाली तिथी आणि तिथी संपण्याची वेळ, इतकाच मजकूर असल्यामुळे ती वाचताना डोळ्यांना ताण पडत नाही.

मला ती आवडली ती बीजेच्या कोरीमुळे. बहुतेक छापील चित्रांत ही कोर उभी, कंसासारखी काढलेली असते. तशी ती दूर उत्तरेकडच्या देशांतून दिसते. आपल्याकडे गुढीपाडव्यानंतरच्या बीजेला संध्याकाळी पश्चिमेला पाहिले, तर कोर होडीसारखी आडवी पहुडलेली आणि दोन्ही टोके वर केलेली दिसते. शंकराच्या जटेतली कोर आणि कपाळावरची चंद्रकोर अशीच का असते, हे या चौकटीकडे पाहून माझ्या मुलीला न सांगता कळले. भाऊबीजेची कोर मात्र बरीच कललेली असते, आणि चित्रकाराने हा फरकही सांभाळला आहे.

मागच्या पानांवर कलांचे अर्थ दिले आहेत. शुद्ध पक्षाच्या वाढीसाठी शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतील ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः’ हे शब्द घेतले आहेत, आणि याहून नेमके उदाहरण मला तरी सुचत नाही. अमावास्येवर अशुभाचा शिक्का मारलेला नाही, याचे मला विशेष समाधान वाटले. आषाढातली दिव्यांची अवस, श्रावणातला पोळा, भाद्रपदातली सर्वपित्री आणि आश्विनातले लक्ष्मीपूजन हे सारे अवसेलाच येते, हे तिथे एका ओळीत मांडले आहे. आमच्या घरी अवसेला नवे काम काढत नसत, म्हणून ती ओळ मी आईला मुद्दाम वाचून दाखवली.

तिथीचे गणितही सोप्या भाषेत आहे: चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते, चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिला साधारण १९ ते २६ तास लागतात, आणि म्हणूनच एखाद्या तिथीचा क्षय होतो तर एखादी दोन दिवस सूर्योदयाला सापडते. उत्तरेकडील पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणाऱ्या महिन्यांचा उल्लेख मात्र हवा होता, कारण आमच्या हिंदी भाषक शेजाऱ्यांचा श्रावण आमच्याआधी पंधरा दिवस सुरू होतो आणि दरवर्षी त्यावरून प्रश्न निघतात.

खरी उणीव चंद्रोदयाच्या वेळांची आहे. त्या केवळ मुंबईच्या आहेत. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे ६ अंश असल्याने इथे चंद्र साधारण २५ मिनिटे आधी उगवतो. एका संकष्टीला आई मोदकांचे ताट झाकून छापील वेळेची वाट पाहत बसली होती. मी सहज गच्चीवर गेलो, तर चंद्र समोरच्या पाण्याच्या टाकीच्याही वर आलेला होता. दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला ही पंचवीस मिनिटे थोडी नसतात. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि पणजी या गावांच्या वेळा देण्यास मागच्या पानावर जागा आहे, आणि तसे मी प्रकाशकांना पत्राने कळवले आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी ही दिनदर्शिका जरूर घ्यावी. विदर्भातल्यांनी घेतल्यास संकष्टीला अर्धा तास आधीच गच्चीवर जावे.