मामासाठी मिस्सा लावली, इंदूर, चार स्टार

मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, आणि ती लावायची म्हणजे फादरना सांगून कोणाच्या तरी नावाने करवून घ्यायची. तिचा रिव्ह्यू कोण लिहितं असं म्हणाल, पण लोक अभिषेकाचे, ऑनलाइन पूजेचे रिव्ह्यू लिहितातच की, मग हा पण वाचा. ज्यांच्या घरात अर्धे चर्चला आणि अर्धे देवळात जातात त्यांच्या कामाचा आहे.

आमचे पप्पा मूळचे नगर जिल्ह्यातले, कॅथलिक. आई इंदूरची, माहेर लोकमान्य नगरात. मामा पक्का गणपतीवाला, बुधवारचं खजराना गणपती मंदिर चुकवत नाही. त्याची बायपास ठरली तेव्हा मामी खजरान्याला जाऊन मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून आली (काम झालं की सरळ काढायचं, इंदूरवाल्यांना काय सांगायचं) आणि इकडे आई मला म्हणाली तू एक मिस्सा लावून ये. मी आधी मामालाच फोन केला, तुझ्या नावाने लावू का म्हणून. म्हणाला, लाव की, सगळीकडून जोर लागू दे, फक्त आडनाव नीट लिहायला सांग.

चर्चचं नाव लिहीत नाही, आमच्याच भागातलं आहे. ऑफिस सकाळच्या मिस्सेनंतर उघडतं. आत एक लांबडं रजिस्टर, त्यात तारीख, वेळ, कोणासाठी, कशासाठी असे रकाने, आणि बाजूला पाकिटांचा गठ्ठा. ऑफिसमधल्या भैयांनी नाव लिहायला घेतलं आणि विचारलं, बाप्तिस्मे का नाम? मी म्हटलं नाहीये, ते हिंदू आहेत. पेन तिथेच थांबलं. नाही म्हणाले नाहीत बिचारे, पण आतल्या खोलीकडे बघायला लागले, तेवढ्यात फादर स्वतःच बाहेर आले आणि म्हणाले लिखो लिखो.

आता ही गोष्ट आपल्या बऱ्याच लोकांना पण माहीत नसते म्हणून जरा सविस्तर. चर्चच्या कायद्यात, म्हणजे 1983 च्या कॅनन लॉमध्ये, 901 नंबरचं कलम आहे, त्यात सरळ लिहिलंय की धर्मगुरू कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो, जिवंत असो की मेलेला. बाप्तिस्मा झालेलाच पाहिजे अशी अटच नाही. आणि गुड फ्रायडेच्या उपासनेत ज्या दहा मोठ्या प्रार्थना होतात त्यात एक ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी आणि एक देवच न मानणाऱ्यांसाठी असते, दरवर्षी गुडघे टेकून म्हणतो आपण, तरी माझी एक चुलत बहीण मला सांगत होती की "बाहेरच्यांसाठी" मिस्सा चालत नाही. कुठून आणतात हे कोणास ठाऊक.

पैशाचं पण सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. ती फी नाही, दान आहे. आमच्याकडे रक्कम बोर्डवर लावलेली आहे, फार नाही, आणि ज्याच्याकडे नसेल त्याच्यासाठी पण फादरनी मिस्सा करावी असं त्याच कायद्यात म्हटलंय. एका दानाला एक मिस्सा. वर्षभरात पूर्ण करता येणार नाहीत इतकी दानं फादरनी घ्यायची नाहीत. म्हणजे बुकिंगचा घोळ होऊ नये याची सोय आधीच करून ठेवली आहे, एवढी शिस्त आमच्या गॅसवाल्याकडे असती तर.

पण मी स्टार देतेय ते याच्यासाठी नाही. फादरनी मला बसवून दोन गोष्टी विचारल्या. एक, मामाला माहीत आहे का. दोन, मागायचं काय आहे नक्की, त्यांना बरं वाटावं हेच ना? मी हो म्हटलं. त्यांनी रकान्यात लिहिलं, ऑपरेशन नीट व्हावं, डॉक्टरांच्या हाताला यश यावं, घरच्यांना धीर मिळावा. बास. मामाने ख्रिस्ती व्हावं वगैरे एक अक्षर नाही.

याच्या बरोबर उलटा अनुभव एका फोनवरच्या प्रार्थना सेवेचा, नाव घेत नाही. चुलत बहिणीनेच लिंक पाठवली आणि तिनेच भरली पण. फॉर्ममध्ये पेशंटचा नंबर कम्पल्सरी, धर्म कम्पल्सरी, आजार ऑप्शनल! मग व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट आली, त्यात ऑपरेशनचं नाव एकदा आणि "त्यांच्या डोळ्यावरचा पडदा दूर कर, मूर्तींपासून सोडव" हे तीन-चारदा, बॅकग्राउंडला कीबोर्ड. वर मामा हॉस्पिटलमधून घरी आल्यावर थेट त्यालाच फोन. मामा म्हणाला, आधी तुम्ही माझं अथर्वशीर्ष ऐकून घ्या, मग मी तुमचं ऐकतो, आणि सुरू पण केलं. फोन पलीकडून कट झाला. आपण हसलो तरी हे वाईटच आहे, माणूस नुकता चिरून शिवून आलाय आणि तुम्ही त्याला सांगताय तुझा देव खोटा. शिवाय मध्य प्रदेशात 2021 पासून धर्म स्वातंत्र्याचा नवीन कायदा आहे (जबरदस्तीने किंवा फसवून धर्मांतर करण्याविरुद्धचा), असल्या एका फोनवरून गैरसमज झाला तर निस्तरायचं कोणी.

पप्पांचं म्हणणं असं की एका घरात दोन धर्म, हे मराठी घरांना काही नवीन नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि लक्ष्मीबाईंचा 1900 चा, मधली वर्षं बायको हिंदू आणि नवरा ख्रिस्ती असं चाललंच ना.

मिस्सेच्या दिवशी मामी स्वतः आली, पहाटे, आईबरोबर. चपला दाराबाहेर काढून आली, आत सगळे बूट घालून. मागच्या बाकावर बसली. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे फादर पवित्र भाकरी देतात तेव्हा, मला धाकधूक होती कारण तो प्रसाद नाही आणि तो कॅथलिकांनीच घ्यायचा असतो, हे पाहुण्याला कसं सांगणार. पण रांग लावणाऱ्या काकूंनी हळूच तिला दाखवलं की हात छातीवर असे घ्यायचे, फादर आशीर्वाद देतील. दिला. मामी खूश. त्या काकूंना वेगळा स्टार.

नंतर भिंतीवरचा सिस्टर राणी मारियांचा फोटो बघून ह्या कोण विचारलं तिने. उदयनगर भागात काम करायच्या, 1995 मध्ये बसमध्ये त्यांना भोसकून मारलं, 2017 मध्ये इथे इंदूरलाच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. आणि मारणाऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन राखी बांधली. मामी तिथेच बराच वेळ उभी होती, मग म्हणाली, मला नसतं जमलं बाई.

एक स्टार कापला तो साउंडसाठी. एवढं आडनाव नीट लिहून घेतलं आणि माइकवर ते असं घुमलं की मामीला कळलंच नाही नाव घेतलं ते, मला कोपर मारावं लागलं. स्पीकर भिंतीच्या फार जवळ लावलेत, कोणीतरी बघा.

मामा बरा आहे, हळूहळू चालतो. क्रेडिट कोणाला यावर घरात चर्चा चालू आहे, सर्जन सध्या पुढे.

लावायची असेल तर थोडं आधी जा, रविवारची मिस्सा पटकन भरते. नोव्हेंबरमध्ये तर विचारूच नका, मृतांसाठी प्रार्थना करायचा महिना असल्यामुळे रजिस्टर फुल असतं. नाव देवनागरीत मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून न्या, आणि सुट्टे न्या, ऑफिसमध्ये कधीच नसतात.