चांदीची खेप, लुडोचे फासे आणि भावकी

गणपतीत आमच्याकडे आरती-भजन आटोपलं की पहाटेपर्यंत पत्ते चालतात. यंदा पत्ते लपवून मी ‘ब्लेड्स इन द डार्क’ काढला. जॉन हार्पर या डिझायनरचा २०१७ मध्ये आलेला हा भूमिका-खेळ. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी एकाच टोळीतले गुन्हेगार व्हायचं आणि अडलं तिथे फासे टाकायचे. माझं देवगडात झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे छपाई फुकट. तरी सांगतो, तीनशेच्या वर पानं आहेत, सगळी काढू नका. टोळीची आणि पात्रांची पत्रकं पुरे. फासे आम्ही लुडोचे वापरले, आजूबाजूच्या चार घरांतून गोळा करून.

मूळ खेळ डॉस्कव्हॉल नावाच्या कल्पित शहरात घडतो. तिथे कायम अंधार आणि गल्लोगल्ली भुतं. हे वाचून दाखवल्यावर अण्णा (माझे चुलते, जुने खलाशी) म्हणाले, “भुतां आमच्याकडे काय कमी आसत?” मग शहर बाजूला ठेवलं. नियमांचा गाभा खुल्या परवान्यावर आहे, त्यावर कोणीही स्वतःचा खेळ बेतू शकतो. मी गेलं वर्षभर तेच करतोय. माझा खेळ कोकण किनाऱ्यावरचा, काळ १९६८ ते १९९०. म्हणजे सुवर्ण नियंत्रण कायदा आला तेव्हापासून रद्द झाला तोपर्यंत. दुबईहून सोन्याची दहा तोळ्यांची बिस्किटं चोरून आत यायची, इकडची चांदी बाहेर जायची, ते दिवस. तेव्हा हे परीक्षण म्हणजे, या पायावर आपलं घर उभं राहतं का, एवढंच आहे.

पाया पक्का आहे. पहिली गंमत म्हणजे आधी बसून बेत करायचा नाही. बाकीच्या खेळांत चोरी करायची म्हटलं की दोन तास नकाशावर वाद होतो आणि चोरी राहते बाजूला. इथे काम कसं करणार ते एका वाक्यात ठरवायचं, आमच्यासारखी मालाची ने-आण असेल तर वाट आणि वाहन सांगायचं, एकदा फासे टाकायचे आणि थेट किनाऱ्यावर. अडचण आली की म्हणायचं, याची सोय मी परवाच करून ठेवली होती. त्यासाठी ताणाच्या चौकटी खर्ची घालायच्या. चौकटी नऊच. त्या भरल्या की पात्राच्या मनावर कायमचा ओरखडा, आणि असे चार झाले की त्याने धंदा सोडायचा.

वहिनींनी पहिल्याच रात्री याचा असा वापर केला की मी बघत राहिलो. खाडीच्या तोंडावर गस्तीची बॅटरी चमकली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “त्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात मी पाच तोळे घातलेत.” दोन चौकटी खोडल्या, फासा टाकला. सहा! अण्णा भडकले. “आधी केलंस नाय आणि आता म्हणतंस केलंय? ह्यो खेळ नाय, ही कोर्टातली साक्ष झाली.” पुढच्या डावात मात्र अण्णांनीच तीनदा आधीची सोय आठवली.

फासेही सोपे. पडतील त्यांतला मोठा धरायचा. सहाला काम फत्ते, चार-पाचला काम होतं पण काहीतरी अंगावर येतं, तीनपर्यंत गचांडी. दोन-तीन फासे असले की चार-पाचच जास्त वेळा पडतात, म्हणून गोष्ट पळत राहते.

पण मला हा खेळ आवडला तो काम झाल्यानंतरच्या हिशोबासाठी. प्रत्येक खेपेला टोळीवर बोभाट्याचे गुण चढतात. नऊ झाले की पोलिसांची नजर एक पायरी वर. आणि ही पायरी उतरवायचा एकच मार्ग आहे, टोळीच्या गुन्ह्यांसाठी कोणीतरी आत जायचं, मग तो टोळीतला असो, ओळखीतला असो की अडकवलेला शत्रू. आम्ही टोळीतलाच पाठवायचं ठरवलं. कोण जाणार यावर आमच्या पडवीत झालेलं भांडण शेजाऱ्यांना खरं वाटलं. शेवटी धाकटा चुलतभाऊ तयार झाला, तोही ‘घरच्यांना महिना पैसे पोचले पाहिजेत’ हे वहिनींकडून कागदावर लिहून घेऊन. बंदुका चालवणारे खेळ पुष्कळ असतील. तुरुंगात गेलेल्याच्या घरचा किराणा कोण भरतो, हे विचारायला लावणारा मी हाच पाहिला.

कमी पडतं ते आमच्या गावापुरतं. मूळ खेळात शत्रू-मित्र टोळ्यांची यादी असते, संबंध अधिक-उणे आकड्यांत. कोकणात हे जमत नाही. इथे खबरी तुमचाच चुलतभाऊ असतो, माल उतरवायला येणारे त्याच वाडीतले, आणि आंब्याच्या कलमावरून वीस वर्षं बोलणं बंद असलेला माणूस कस्टमवाल्याकडे जातो तो चांदीमुळे नव्हे, कलमामुळे. खेळात संकट मोजायला वर्तुळाचे तुकडे रंगवत जातात. मी सहा तुकड्यांचं एक कायमचं वर्तुळ वाढवलं आणि त्याला नाव दिलं भावकी. वाटा कमी दिला, रंगवा एक तुकडा. पालखीला गैरहजर, आणखी एक. भरलं की टीप गेलीच.

दुसरी भर अण्णांची. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते, आमच्याकडे थोडी अलीकडे. अमावास्येला मध्यरात्रीच्या सुमारास भरती, वर उधाण, वर चंद्र नाही. माल उतरवायला याहून बरी रात्र कुठली? अष्टमीला भांग म्हणजे कमजोर भरती, तीही सहाच्या सुमारास, मध्यरात्री होडी चिखलात. आता आम्ही प्रत्येक खेपेआधी कालनिर्णय उघडतो, आणि कुठली रात्र निवडली त्यावर एक फासा वाढतो किंवा घटतो. पावसाळा म्हणजे सक्तीची विश्रांती. तेव्हा मूळ नियमांतली फावल्या वेळाची कामं करायची. ताण उतरवायला व्यसन, जखमा बऱ्या करणं, बोभाटा कमी करणं.

भावाने विचारलं, काळ १९९० लाच का थांबवलास? १९९३ च्या सुरुवातीला रायगडमध्ये शेखाडीला आणि दिघीला जी शस्त्रं आणि स्फोटकं उतरली, त्यानंतर मुंबईत १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. चांदीच्याच वाटा, तशाच होड्या, आणि शिक्षा झालेल्यांत कस्टमचे अधिकारीही होते. ते मला फाशांवर नको. खेळायला बसण्याआधी हे मी सगळ्यांना सांगितलं आणि कोणी वाद घातला नाही.

इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर एकाने पुस्तक पचवून बाकीच्यांना तोंडी सांगावं, तेवढ्यात भागतं. पहिला तास पत्रकं भरण्यात जातो, तेव्हा पोरं मोबाईल काढतात. त्या तासाला खाजं आणि शेंगदाण्याचे लाडू ठेवा. चुलतभाऊ आता होळीला येणार आहे. त्याचं पात्र तोवर सुटलेलं असेल आणि महिन्याचे पैसे किती महिने पोचले, ते तो वहिनींना विचारणार आहे. वहिनींनी वही लपवली आहे.