लघुलहरींवरचा अनोळखी आवाज: लूप अँटेना की वेळेतला फरक?

४६२५ किलोहर्ट्झवर रशियातून मिनिटाला साधारण २५ वेळा घरघरणारा 'बझर' नावाचा रेडिओ-संकेत अनेकांनी ऐकला असेल. असा आवाज कुठून येतो हे शोधायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, लूप अँटेना, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची अँटेना. ती हळूहळू फिरवायची. एका कोनात आवाज अचानक क्षीण होतो आणि त्यावरून दिशेची रेषा मिळते. पण उगम रेषेच्या कोणत्या टोकाला आहे ते कळत नाही, म्हणून दुसऱ्या ठिकाणाहूनही मोजावं लागतं. खरी अडचण आयनांबराची, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराची. तिथून परावर्तित होऊन आलेली लहर वरून उतरते, तिचं ध्रुवण (कंपनाची दिशा) बदललेलं असतं आणि तो शांत कोन पुसट होतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. जीपीएसच्या घड्याळाशी जुळवलेले, इंटरनेटवर खुले असलेले तीन-चार 'किवीएसडीआर' नावाचे रेडिओ रिसीव्हर निवडायचे आणि एकच आवाज प्रत्येकाकडे कधी पोहोचला ते ताडायचं. रेडिओलहर एका मिलिसेकंदात सुमारे ३०० किलोमीटर जाते, त्यामुळे सूक्ष्म फरकही बोलका असतो. रिसीव्हर मात्र संशयित भागाच्या चारही बाजूंना हवेत. सगळे एकाच बाजूला असले तर नकाशावर नुसता लांबट पट्टा उमटतो. चढउतार नसलेल्या सलग सुरावरही ही पद्धत अडते, कारण जुळवायला खूणच नसते. बझरची तुटक घरघर त्यासाठी उत्तम.

खरखर घरातल्याच चार्जरची वाटत असेल, तर ती दूरच्या रिसीव्हरना ऐकूच येणार नाही; तेव्हा लूपच घ्या.